दोन चमचे दूध

नाकातून नळी घालायची तर हात हलका हवा आणि तोंड चालू हवं, असं नळीताईचं म्हणणं होतं. हात हलका असला की पेशंटला टोचत नाही, आणि तोंड चालू असलं की त्याला घाबरायला सवड मिळत नाही. पोटाच्या विभागात अकरा वर्षं हेच काम करून तिचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. मोठ्या सरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला नळीताईच म्हणायचे. मधले सात महिने ती बाळंतपणाच्या रजेवर होती. तेवढ्यात तिच्या जागी आणलेल्या नव्या माणसानं दोघांची नाकं रक्ताळली होती, असं लिफ्टवाला तिला पहिल्याच दिवशी खूश होऊन सांगून गेला.

"गीळ. अजून गीळ. शाब्बास. गीळ गं, लाजतेस काय पाहुण्यासारखी!"

समोर खुर्चीत बसलेली पोरगी एकोणीस वर्षांची होती. मनगटं अशी, की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळूनही ते कोपरापर्यंत घसरावं. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, पण सारखी घरी राहते म्हणून दुकानदारानं महिन्यापूर्वीच काढून टाकलं होतं. दोन घास खाल्ले की हिचं पोट ढोलासारखं फुगायचं, तासन्‌तास तसंच राहायचं, आणि सकाळी खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडायचं. दीड वर्ष हे चाललं होतं. दुर्बीण घालून झाली, फोटो काढून झाले, रक्त तपासून झालं. सगळं स्वच्छ. तीन डॉक्टरांनी तीन तऱ्हांनी एकच सांगितलं होतं, की पोरीच्या पोटात काही नाही, जे काही आहे ते डोक्यात आहे.

"बारीक राहायचं खूळ, दुसरं काय!" भिंतीशी स्टुलावर बसलेली तिची आई म्हणाली. ही बाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. दंड भरदार, बोटांवर जुन्या चटक्यांचे डाग. "चारशे माणसं दोन पाळ्यांत माझ्या हातचं जेवतात, ताई. चारशे! एकानं म्हणून कधी ताट परत केलं नाही. आणि माझ्या पोटची पोर माझंच अन्न मोरीत ओकते. लोक तोंडावर म्हणत नाहीत, पण म्हणत असतीलच ना, की हिच्या हाताला गुण असता तर पोरगी अशी काडी झाली असती का?"

"मावशी, जरा थांबा, नळी घशात आहे तिच्या."

"थांबते. मी काय, दीड वर्ष थांबलेच आहे."

नळी जागेवर बसली. नळीताईनं ती गालावर चिकटपट्टीनं पक्की केली आणि पोरीला पलंगावर आडवं केलं. पडद्यावर आठ रेघा उमटल्या, जठरापासून लहान आतड्यापर्यंत आठ ठिकाणच्या दाबाच्या. आठ वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"आता सहा तास काय करायचं?" पोरीनं विचारलं. घशात नळी असल्यानं आवाज नाकातून येत होता.

"झाडूवालीची वाट बघायची."

"कोणाची?"

हा शब्द विभागातलाच होता. नळीताई तो प्रत्येक पेशंटला समजावून सांगायची, आणि दरवेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा सांगायची. पोट रिकामं असलं की आतडं झोपतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. घर मोकळं झालं की झाडून घ्यावं, तसं ते करतं. आतड्याच्या भिंतीतून मोटिलिन नावाचं एक हार्मोन रक्तात सुटतं, आणि त्याचा इशारा मिळाला की जठरापासून एक जोरदार लाट निघते आणि उरलंसुरलं सगळं खाली ढकलत नेते. दीड-दोन तासांनी एकदा. हीच झाडूवाली. मात्र ही बाई मोठी मानी. घरात कोणी जेवत असेल तर पाऊल टाकत नाही. घास पोटात पडला की मोटिलिन गप्प होतं आणि दुसरी हार्मोनं ताबा घेतात. ती जठराला सांगतात, जरा दमानं, खालचं आधी पचू दे. मग लाट बंद, नुसती घुसळण सुरू.

"म्हणून तर काल रात्रीपासून उपाशी ठेवलंय तुला."

"म्हणजे माझ्या पोटात मोलकरीण आहे, आणि ती फक्त उपाशीपोटी कामाला येते?"

"अगदी."

"मग माझ्याकडे तिला ओव्हरटाइम पडत असेल."

नळीताईला हसू आलं. आईला आलं नाही. पोरगी पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, ती आली तर?"

"तर यंत्रणा शाबूत आहे असं म्हणायचं."

"आणि नाही आली तर मी खोटं बोलत नाही असं म्हणायचं. हो ना?"

नळीताईनं तिची उशी सारखी केली. खरं तर तपासणी एवढी सरळ नव्हती. पूर्वी सहा तास उपाशी नोंद घ्यायची, मग पेशंटला जेवू घालायचं आणि पुढं दोन तास बघायचं, अशी रीत होती. पण यंत्र एक आणि पेशंटांची रांग तीन महिन्यांची, म्हणून सरांनी गेल्या वर्षी जेवणाचा भाग काढून टाकला होता. "उपाशी आतडंच खरं बोलतं," असं ते म्हणायचे. नळीताईला ते पटलं नव्हतं. पण तिला काही पटतं का, हे विचारायची पद्धत त्या विभागात नव्हती.

पावणेनऊच्या सुमाराला तिच्या छातीत दगड भरल्यासारखं व्हायला लागलं. कामावर परतून तिला तीनच आठवडे झाले होते. घरी बाळ आजीजवळ असायचं, या वेळी ते जागं व्हायचं. इथं दवाखान्यात बसून तिच्या अंगाला ते कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं. कोणी न सांगता रक्तात कसला तरी हुकूम सुटायचा आणि झगा ओला व्हायचा. भिंतीवर नियम लावलेला होता, की नोंद चालू असताना पेशंटला सोडून जाऊ नये, गरज पडल्यास घंटा वाजवून दुसऱ्याला बोलवावं. दुसरा म्हणजे तो नवा. घंटा वाजवली की तो येताना सरांच्या दारावरून येणार, आणि सरांनी तिला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं, "बाई, रजा संपली ना तुमची? की हप्त्याहप्त्यानं चालू आहे?"

"मावशी, मी दहा मिनिटांत आले. हिच्याकडे लक्ष ठेवा. पाण्याचा थेंबसुद्धा नाही हं."

"जा तुम्ही बिनघोर."

चादरींच्या खोलीत कपाटाआड उभी राहून तिनं दूध काढलं. दहाची वीस मिनिटं झाली. परत आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. आई फ्लास्कचं झाकण घट्ट करत होती. पोरीनं तोंड भिंतीकडे केलं होतं. पडद्यावरच्या वरच्या रेघा किंचित बिघडलेल्या दिसत होत्या, पण कूस बदलली की असं होतंच.

ती बसून राहिली. दहा वाजले, झाडूवाली आली नाही. अकरा वाजले. रेघा थांबतही नव्हत्या आणि एका दमात उसळतही नव्हत्या. नुसती बारीक, बेशिस्त चुळबूळ. बारा वाजेपर्यंत नळीताईच्या मनात पाल चुकचुकली, कारण अशी चुळबूळ तिनं पूर्वी शेकडो वेळा पाहिली होती, त्या काढून टाकलेल्या दोन तासांमध्ये. दोन वाजले. तिनं नळी काढली, पोरीचं नाक पुसलं आणि नोंदीचा कागद पुढे ओढला. 'तपासणीदरम्यान व्यत्यय' असा एक रकाना होता. त्यात तिनं लिहिलं, 'नाही'.

दुसऱ्या दिवशी सरांनी संगणकानं काढलेला सारांश पाहिला. लाटा, शून्य. रेघा स्वतः बघायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर चाळीस माणसं बसली होती.

"आतड्याच्या नसाच निकामी दिसतात," ते आईला म्हणाले. "हे मनाचं नाही. हा आजार आहे. पोटाला छिद्र पाडून आतड्यात नळी बसवावी लागेल. त्यातूनच अन्न द्यायचं, यंत्रानं, थेंब थेंब. गुरुवारी करू."

 पोरगी हसली. चादर मुठीत धरून हसता हसता रडायला लागली.

"बघ, आई. बघ. मी खोटं बोलत नव्हते."

आईनं तिला कवटाळलं. "नव्हतीस गं माझी चिमणी. नव्हतीस. मीच मेली आंधळी." दीड वर्षात पहिल्यांदाच ती तिला चिमणी म्हणत असावी, कारण पोरीनं चमकून वर पाहिलं. नळीताई दारात उभी होती. तिला वाटलं, आपलं तोंड शिवून टाकावं आणि गुरुवार येऊ द्यावा.

घरी जाऊन तिनं बाळाला घेतलं. ते पीत होतं, आणि मध्येच थांबून तिच्याकडे बघून हसत होतं, ओठांच्या कडेनं दूध सांडत. नवरा म्हणाला, "काय झालं? चेहरा का असा?" ती म्हणाली, "काही नाही." एक 'नाही' कागदावर लिहिला होता, त्यामुळे दुसरा सोपा गेला.

सकाळी सरांच्या आधी येऊन तिनं ती नोंद उघडली. मिनिट मिनिट सरकवत बघितली. नसा निकामी झालेलं आतडं तिला ओळखता येत होतं. त्यात रेघा मेल्यासारख्या पडून असतात, नाहीतर भलतीकडेच उसळतात. हे तसं नव्हतंच. आठ वाजून बावन्न मिनिटांपर्यंत रेघा उपाशी होत्या, आणि बावन्नपासून हे जेवलेलं आतडं होतं.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती खुर्चीतून उठलीच. जेवलेलं तर किती वेळ? दोन वाजेपर्यंत. पाच तास. वीस मिनिटांत चोरून असं किती खाल्लं असेल पोरीनं?

ती वॉर्डात गेली. आई डबा धुवायला गेली होती.

"खरं सांग. मी बाहेर गेले तेव्हा काय खाल्लंस?"

"दोन चमचे दूध. साय घोटलेलं. मी नको म्हणत होते, आई म्हणाली, लेकरू बारा तास उपाशी, दोन चमच्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? गीळ लवकर, ती येईल."

"दोनच?"

"तिसरा तोंडाशी होता तेवढ्यात तुमच्या चपला वाजल्या."

"मग मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही तरी सांगितलंत का, बाहेर गेला होतात म्हणून?"

 नळीताईच्या डोक्यात आता भलतंच चक्र सुरू झालं होतं. दोन चमचे दुधानं धडधाकट आतडं किती वेळ घुसळत राहील? अर्धा तास, फार तर तास. मग मोटिलिन पुन्हा डोकं वर काढणार आणि झाडूवाली येणार. हिच्या आतड्यानं मात्र दोन चमच्यांचं पंगतीएवढं केलं. थांब म्हणणारी हार्मोनं एकदा जी सुटली, ती पाच तास थांबच म्हणत राहिली. म्हणूनच हिचं सकाळचं संध्याकाळी उलटतं. नसा शाबूत आहेत, पोट कापायची गरज नाही, आणि तरीही पोरगी खरं बोलते आहे. अकरा वर्षांत कोणी मुद्दाम केली नसती अशी तपासणी एका आईच्या वेड्या मायेनं करून ठेवली होती.

ती तडक सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. चादरींची खोली, वीस मिनिटं, तो 'नाही', दोन चमचे, पाच तास. एका दमात सांगितलं, मध्ये थांबली असती तर पुढचं आलं नसतं.

सर ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे गुरुवारी मी एका पोरीचं पोट उगाच फाडलं असतं."

"हो, सर."

"आईला बोलवा. मुलीलाही."

दोघी आल्या. सरांनी विचारलं तशी आई ताठ झाली. 

"मी? मी कशाला देईन? ताईंनी बजावलं होतं की थेंबसुद्धा नाही."

"आई!" पोरगी म्हणाली.

"काय आई? मी काही दिलं नाही."

"दोन चमचे दिलंस. स्टीलच्या चमच्यानं. साय वर आली म्हणून बोटानं सारलीस आणि ते बोट चाटलंस. आई, सांग ना!"

"बघा, डॉक्टर," आई म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नीट येत होते. "ही अशीच करते. दीड वर्ष हेच ऐकतेय मी. खाल्लं नाही तर खाल्लं म्हणते, खाल्लं तर नाही म्हणते. हिच्या बोलण्याला बूड ना शेंडा."

पोरगी आईकडे बघतच राहिली. नळीताईनं आजवर पुष्कळ माणसांना खोलीत वेदना सोसताना पाहिलं होतं, पण आठही ठिकाणचा दाब असा एकदम कुणाच्या चेहऱ्यावर चढलेला तिनं पाहिला नव्हता.

"सर, रेघा बघा ना. आठ बावन्नपासून..."

"रेघा मला सांगतात की काहीतरी खाल्लं. किती ते सांगत नाहीत. दोन चमचे की अख्खा फ्लास्क? फ्लास्क प्यायली असेल तर पाच तास अगदी बरोबर आहेत."

"ती सांगतेय ना दोन चमचे."

"बाई, जिच्या खरेपणाचीच तपासणी चाललीय, तिचीच साक्ष कशी धरू? आणि तुम्ही खोलीत नव्हता. आईनं लेखी द्यावं, काय दिलं, किती दिलं, किती वाजता. तरच ती नोंद मी धरीन. नाहीतर रद्द."

"मग पुन्हा करू या. पण उपाशी नको नुसती. तेवढंच दूध मोजून देऊ, पुढं बघू, दर अर्ध्या तासानं रक्त घेऊन हार्मोनं..."

"दोन चमच्यांची तपासणी कुठल्या पुस्तकात आहे? आणि ही हार्मोनं इथं मोजतं कोण? उद्या नवा करेल. नेहमीसारखी." सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुम्ही सोमवारपासून खाली नोंदणीच्या खिडकीवर. तिथं हवं तेव्हा उठता येतं."

नव्यानं दुसऱ्या दिवशी तपासणी केली. आईला बाहेर बसवलं, दार आतून लावलं, आणि सहा तास जागचा हलला नाही. पोरीच्या नाकातून थोडं रक्त आलं. झाडूवाली सव्वानऊला आली, मग अकराला, मग पावणेएकला. नवा जिन्यात भेटला तेव्हा त्याच्या बोलण्यात कौतुकच होतं. "तीन लाटा, ताई. एकेक अशी की चौकट करून भिंतीवर लावावी."

"येणारच," नळीताई म्हणाली. "उपाशी होती ना."

त्याला त्यात काही कळलं नाही. सरांना कळलं असतं, पण त्यांनी अहवालावर सही केली होती.

शुक्रवारी दुपारी ती शेवटचा प्रयत्न करायला गेली. नातेवाइकांची भांडी घासायची मोरी वॉर्डाच्या मागं होती. आई तिथं डबा घासत होती, कँटीनमधली मोठी पातेली घासावीत तशी, सगळा खांदा लावून.

"मावशी, मी तुमच्यावर रागावलेली नाही. चूक माझीच होती, मी जायला नको होतं. पण एक कागद द्या. चारच ओळी. दोन चमचे, साय घोटलेलं दूध, आठ बावन्न. एवढ्यानं तिचं आयुष्य सुधारेल."

"मी काही दिलं नाही."

"इथं डॉक्टर नाहीत."

आईनं नळ बंद केला. डब्यातलं पाणी झटकलं. मोरीच्या काठाकडे बघत म्हणाली, "दोनच होते. तिसरा दिला नाही."

"मग लिहा ना!"

"काय लिहू? की माझ्या हातचं दूध माझ्या लेकीला बाधतं?"

"तुमच्या हातचं नाही हो, कोणाच्याही हातचं. तिच्या आतड्यातून जे सुटतं ते..."

"ते मला नका सांगू. मला जे कळतं ते सांगते. ती खोटं बोलते असं असेल तर उद्या ना परवा थांबेल. वय आहे, जाईल. आई आहे मी, पुरून उरेन तिला. रागावीन, समजावीन, भरवीन. आणि ती खरं बोलत असेल, तर?" आता तिनं वर पाहिलं. "तर दीड वर्ष मी तिला काय केलं, ताई? दंड धरून भरवलंय मी तिला. मोरीवर उभी राहिले आहे, ओकशील तर परत खायला लावीन म्हणून. एकदा लावलंसुद्धा. हे सगळं खरं करायला मीच सही देऊ?"

नळीताईला तिचा दंड धरावासा वाटला, आणि थोबाडीत द्यावीशीही वाटली. यातलं काहीच तिनं केलं नाही.

"त्या दिवशी तर म्हणालात, मीच मेली आंधळी."

"त्या दिवशी नसांचा आजार होता. त्यात माझ्या हाताचा काय दोष?" आईनं डबा पुसला, झाकण लावलं. "आता अहवाल चांगला आलाय. चांगला आलाय म्हणून सगळेच सांगतात. तुम्ही कशाला परत वाईट करता?"

सोमवारी नळीताई नोंदणीच्या खिडकीमागं बसली. जागा दाराजवळ होती, वारा यायचा. पहिल्या दोन तासांत तिनं सत्तर जणांची नावं, वयं, पत्ते लिहिले. अकराच्या सुमाराला रांगेतून त्या दोघी पुढं आल्या. आईच्या हातात सामानाची पिशवी होती. घरी न नेता पोरीला समोरच्या इमारतीत भरती करायचं होतं, मनाच्या डॉक्टरांकडं, आणि त्यासाठी लागणारी चिठ्ठी या खिडकीवर भरून मिळायची.

आईनं अहवाल पुढं सरकवला. नळीताईनं चिठ्ठी ओढली, नाव लिहिलं, वय लिहिलं. पाठवण्याचं कारण म्हणून अहवालातलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं होतं. 'लहान आतड्याची हालचाल पूर्णपणे सामान्य. तक्रारींना शारीरिक कारण आढळले नाही.' तिनं पहिला भाग लिहिला. पेन थांबलं. पोरगी खिडकीच्या पट्टीवर हनुवटी टेकून, उलट्या बाजूनं अक्षरं वाचत होती.

"ताई, रांग वाढली," शेजारचा कारकून म्हणाला.

तिनं दुसरा भागही लिहिला. शिक्का मारला.

"तुम्हाला माहीत आहे," पोरगी हलक्या आवाजात म्हणाली. "आईला माहीत आहे. मला माहीत आहे. कागदालाच तेवढं माहीत नाही."

"मी परत बोलेन सरांशी."

"नका बोलू. तुम्ही बोलायच्या आधी निदान आजारी तरी होते मी."

आई मागं वळून पिशवीचा बंद सारखा करत होती. ऐकत नव्हती, किंवा ऐकत नसल्यासारखं करत होती. मग तीच पुढं झाली, चिठ्ठी घेतली, नीट दुमडली. "येते, ताई. तुमचे उपकार आहेत, पोट फाडलं नाही पोरीचं. जीव भांड्यात पडला बघा." तिचे डोळे लाल होते. रात्रभर झोपली नसावी.

पोरगी मात्र खिडकीशीच उभी होती.

"ताई, एक विचारू? तिथं किती दिवस ठेवतात?"

"सांगता येत नाही. कोणाला दोन आठवडे, कोणाला जास्त."

"कशावर असतं ते?"

नळीताईनं शिक्क्याची डबी मिटली.

"म्हणजे," पोरगी म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी कबूल केलं, की हो, मी खोटंच बोलत होते, मला बारीक व्हायचं होतं, तर लवकर सोडतील?"

मागच्या माणसानं आपला कागद पट्टीवर ठेवला होता. आईनं थोड्या अंतरावरून हाक मारली, "चल गं."

"हो," नळीताई म्हणाली. "लवकर सोडतील."